पट्टीवर न दिसणारी अडत



चातुर्मासात पालेभाजीशिवाय रोज काय करायचं, हा लेख अर्धा लिहून झालाय, तो पुढच्या आठवड्यात. आज पैशांबद्दल लिहिते. तेही अमेरिकेतल्या, निवृत्तीसाठी पगारातून कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दल. तुमच्यापैकी ज्या इथे राहतात त्यांच्या घरी ४०१(के) नावाचं खातं असणारच, आणि ज्या सांगली, कोल्हापूर, बेळगावात आहेत त्यांच्या लेकाच्या किंवा जावयाच्या घरी असेल. खातं असतं हे आपल्याला माहीत असतं. त्यात काय चालतं ते 'हे बघतात' यावर आपण सोडून देतो. आणि ह्यांना विचारलं तर ते म्हणतात, कंपनी बघते.

कंपनी खरंच बघते का, यावर इथे गेली जवळजवळ वीस वर्षं कोर्टात भांडणं चालू आहेत. त्यातल्याच एका भांडणाच्या तडजोडीची नोटीस गेल्या महिन्यात आमच्या घरी आली. ह्यांच्या आधीच्या कंपनीची. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. बारा पानं, बारीक टाईप, वर कोर्टाचं नाव. ह्यांनी पहिलं पान बघितलं आणि रद्दीच्या टोपलीकडे हात नेला. घरात आलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय फाडायचा नाही ही सवय मला माहेरची आहे.

माहेरी हळदीची अडत होती. सांगलीच्या यार्डात शेतकऱ्याचा माल विकला की त्याला हिशोबाची पट्टी मिळायची. वर मालाची रक्कम, खाली एकेक कपात: अडत इतकी, हमाली इतकी, तोलाई इतकी. बाबा ती पट्टी नुसती हातात द्यायचे नाहीत, वाचून दाखवायचे. समोरच्याला वाचता येत असलं तरी. कपात पटली नाही तर शेतकरी तिथल्या तिथे भांडायचा, आणि भांडलेला मला आठवतोय. पण काय कापलं ते दोघांना दिसत होतं.

४०१(के) मधली अडत पट्टीवर दिसत नाही, ही खरी अडचण. पगारातून पैसे जातात, ते म्युच्युअल फंडात लागतात, आणि फंड आपला खर्च रोज थोडाथोडा आतल्या आत कापून घेतो. तिमाही पत्रकावर दिसते ती कापून उरलेली रक्कम. फंडाच्या खर्चाशिवाय दुसरी कपात असते ती खाती सांभाळणाऱ्या कंपनीची: पत्रकं पाठवणं, फोन घेणं, हिशोब ठेवणं. हे काम खात्यात पाच हजार असोत की पाच लाख, सारखंच. बँकेतल्या लॉकरचं भाडं आत किती तोळे सोनं आहे त्यावर ठरतं का? पण इथे पुष्कळ कंपन्यांत हे पैसे शेकड्यावर, तेही फंडाच्या खर्चातूनच परस्पर दिले जात होते. फंड मोठा होत गेला की काम तेवढंच राहून मोबदला वाढत जायचा. ते कोणाच्या खिशातून जातं हे वेगळं सांगायला नको.

शेकडा एक म्हणजे कितीसं, असं ह्यांनीही विचारलं. इथल्या कामगार खात्याने लोकांना समजावं म्हणून एक हिशोब वर्षानुवर्षं छापलाय, तोच सांगते. खात्यात २५,००० डॉलर आहेत, निवृत्तीला ३५ वर्षं आहेत, पुढे एकही डॉलर घातला नाही, आणि परतावा ७ टक्के. खर्च अर्धा टक्का असेल तर शेवटी सुमारे २,२७,००० डॉलर होतात. खर्च दीड टक्का असेल तर सुमारे १,६३,०००. एका टक्क्याच्या फरकाने ६४ हजार डॉलर गेले, म्हणजे शेकडा २८. चक्रवाढ व्याज आपल्याला शाळेत शिकवलं, चक्रवाढ खर्च कोणी शिकवला नाही.

आता कायद्याचं थोडं. डिसेंबर १९६३ मध्ये इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी स्टुडबेकर या मोटार कंपनीचा कारखाना बंद पडला. पेन्शनच्या फंडात पुरेसा पैसाच नव्हता. चाळिशीच्या पुढच्या सुमारे चार हजार कामगारांना हक्काच्या डॉलरमागे १५ सेंट मिळाले, त्याहून तरुण होते त्यांना काहीच नाही. त्या आणि तशा प्रकरणांनंतर बरीच वर्षं चर्चा होऊन १९७४ साली 'एरिसा' हा कायदा झाला. त्याचं सार असं, की कामगारांच्या निवृत्तीचा पैसा जो सांभाळतो त्याने तो केवळ त्या कामगारांच्या आणि त्यांच्या वारसांच्या भल्यासाठी, जाणकार माणसाच्या सावधपणाने सांभाळला पाहिजे. मंदिराच्या ट्रस्टींनी भांडार जसं सांभाळावं तसं. (सगळे तसं सांभाळतात असं मी म्हटलेलं नाही.)

२००६ साली सेंट लुईस शहरातल्या जेरोम श्लिक्टर नावाच्या वकिलाने या कायद्याच्या आधारावर एकापाठोपाठ एक मोठ्या कंपन्यांवर दावे लावले. मुद्दा हाच: हजारो कामगारांचे अब्जावधी डॉलर तुमच्या हातात आहेत, तुम्ही घाऊक भावाने घ्यायला हवं होतं, मग किरकोळ भाव का दिलात? मोठी कंपनी एकच फंड मोठ्या गिऱ्हाइकाच्या वर्गात घेऊ शकते, तिथे खर्च कमी असतो. फंड तोच, आतले शेअर तेच, सांभाळणारा माणूस तोच, फक्त भाव वेगळा. कॅलिफोर्नियातल्या एडिसन इंटरनॅशनल या वीज कंपनीच्या कामगारांचं प्रकरण नेमकं यावर होतं. कंपनीचं एक म्हणणं असं, की ते फंड निवडून सहा वर्षांहून जास्त काळ झाला, आता तक्रारीची मुदत गेली. २०१५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की एकदा निवडून मोकळं होता येत नाही, निवडलेल्या फंडांवर नजर ठेवणं हे चालू कर्तव्य आहे. मला हे वाचून फार आपलंसं वाटलं. धान्य एकदा निवडून डब्यात भरलं म्हणून काम संपतं का? दर पंधरा दिवसांनी डबा उघडून बघावाच लागतो, त्यातून आपल्या घरी तर जास्तच.

त्यानंतर दाव्यांची रांग लागली. लॉकहीड मार्टिनने ६.२ कोटी डॉलर देऊन तडजोड केली, बोइंगने ५.७ कोटी, दोन्ही २०१५ साली. मग विद्यापीठं. २०१९ मध्ये एमआयटीने १.८१ कोटी, व्हँडरबिल्टने १.४५ कोटी, जॉन्स हॉपकिन्सने १.४ कोटी. एबीबी कंपनीचा दावा २००६ ला सुरू झाला आणि २०१९ ला ५.५ कोटींवर मिटला. तेरा वर्षं! ज्या घरात दावा लागला तेव्हा मूल पहिलीत गेलं असेल, ते तडजोडीपर्यंत शाळा संपवून बाहेर पडलं.

आकडे ऐकून डोळे मोठे होतात, पण ते हजारो खात्यांत वाटले जातात. आमच्या नोटिशीत एकूण रकमेचा तिसरा हिस्सा वकिलांनी मागितलाय. अशा प्रकरणांत तो साधारण तेवढाच असतो, कोर्ट मंजूर करेल तेवढाच मिळतो. ह्यांचं म्हणणं, हा तर माकडाने लोणी वाटलं तसा प्रकार झाला. मला अर्धं पटतं. काही दावे खरंच नुसते नकला मारल्यासारखे असतात, कंपनी बदला आणि मजकूर तोच. पण तेरा वर्षं पदरचा पैसा घालून भांडायचं, हरलो तर शून्य, असं काम कोण करेल? एकट्या माणसाचं नुकसान दोन-चार हजार डॉलरचं, त्यासाठी कोणी वकील उभा राहणार नाही. सगळ्यांचं एकत्र बांधलं तरच ओझं उचलण्यासारखं होतं.

ह्यांचा खरा आक्षेप मात्र वेगळाच होता, आणि तो मी हलक्यावर घेतला नाही. ते म्हणाले, "त्या कंपनीचं अकरा वर्षं मीठ खाल्लंय. व्हिसा त्यांनी दिला, ग्रीन कार्ड त्यांनी केलं. आता त्यांच्याविरुद्धच्या दाव्यातले पैसे घ्यायचे? न दिलेलं घेऊ नये म्हणतो ना आपण?" आमच्या घरात हा प्रश्न येतो तेव्हा तो नुसता बोलण्यापुरता नसतो, दुकानदाराने चुकून जास्त परत केलेले पैसे द्यायला सासरे पाऊस डोक्यावर घेऊन गेलेले मला माहीत आहेत.

पण हे पैसे न दिलेले कसे? ते ह्यांच्याच पगारातून गेले होते. कंपनीने त्यात जी भर घातली तीही पगाराचाच भाग, नोकरी देताना कागदावर लिहून दिलेली. नोटिशीत लिहिलंय की कंपनी आपली चूक मान्य करत नाही, हे तडजोडीत बहुतेक असतंच. कोण चुकलं हे कोर्टाने ठरवलेलं नाही, आणि मीही ठरवत नाही. बाबांच्या यार्डात तोलाई दोनदा लागली आणि नंतर परत मिळाली, तर शेतकऱ्याने ती घेतली म्हणून अडत्याचा अपमान होत नाही. ह्यांनी यावर उत्तर दिलं नाही, चहा घेतला आणि कागद माझ्याकडे सरकवला. आमच्याकडे संमती अशीच मिळते.

ह्यांच्या बाबतीत करण्यासारखं फार नव्हतंच. ज्यांचं खातं अजून त्याच योजनेत आहे त्यांच्या खात्यात हिस्सा आपोआप जमा होतो. ज्यांनी पैसे दुसरीकडे नेले त्यांना, आमच्या प्रकरणात, एक फॉर्म भरून पाठवायचा आहे. या दाव्यांत 'मला यात धरू नका' म्हणण्याची सोय बहुधा नसते, कारण नुकसान सगळ्या योजनेचं मानतात. तडजोड पटली नाही तर कोर्टाला लेखी हरकत कळवता येते, आणि सुनावणीची तारीख नोटिशीत असते.

मला काळजी लागली ती काकूंची. आमच्या मंदिरात येणाऱ्या एक काकू आहेत, मिरजेच्या. त्यांचे मिस्टर त्याच कंपनीत वीस वर्षांहून जास्त होते, ह्यांना नोकरीत बरंचसं शिकवलं ते त्यांनीच. सहा वर्षांपूर्वी ते गेले. काकू आता मुलाकडे राहतात, इंग्रजी बोलतात पण कागदाला घाबरतात. त्यांना मी फोन केला तर म्हणाल्या, "अगं, आलं होतं पाकीट, ह्यांच्या नावाने. गेलेल्या माणसाच्या नावाने पत्र म्हणजे फसवणूकच की. उघडलंच नाही." नशीब, फेकलं नव्हतं. ह्यांच्या नावाने येणारं काहीच त्या फेकत नाहीत. जुन्या बिस्किटांच्या डब्यात अशी पाकिटं रबर लावून ठेवलेली होती, चष्म्याच्या दुकानाचं दिवाळी कार्डसुद्धा.

काकूंची शंका रास्त होती, हे आधी सांगते. अशी खोटी पत्रं आणि फोन येतातच. म्हणून आम्ही काय केलं ते लिहिते. पाकिटावरचा फोन नंबर वापरला नाही. नोटिशीत कोर्टाचं नाव आणि खटल्याचा क्रमांक असतो, तो घेऊन कोर्टाच्या नोंदीत प्रकरण आहे का ते बघितलं. मग कामगारांच्या वकिलांच्या कचेरीचा नंबर वेगळा शोधून तिथे फोन केला. खऱ्या तडजोडीत पैसे मिळण्यासाठी आधी पैसे भरायला कोणी सांगत नाही. सांगितलं की फोन ठेवायचा.

दुसरी शंका काकूंची अशी, की नोकरी ह्यांची, मी कोण मागणारी? मैत्रिणींनो, इथे मला जरा थांबायचंय, कारण ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यातल्या बहुतेकींना माहीत नव्हती. एरिसा झाला तेव्हाही नवरा बायकोला न विचारता पेन्शनचा असा पर्याय निवडू शकत होता, की त्याच्यामागे तिला एक पैसा मिळणार नाही. महिन्याला थोडी जास्त पेन्शन हातात पडायची म्हणून पुष्कळांनी ते केलं, आणि बायकांना ते कळलं नवरा गेल्यावर. १९८४ मध्ये 'रिटायरमेंट इक्विटी ॲक्ट' आला. तो आणण्यासाठी झटणाऱ्यांत काँग्रेस सदस्य जेराल्डिन फेरारो होत्या, त्याच वर्षी त्या उपाध्यक्षपदाची निवडणूकही लढल्या. कायद्यावर सही रेगन यांनी केली. तेव्हापासून पेन्शनमधला बायकोचा हिस्सा तिच्या लेखी संमतीशिवाय सोडता येत नाही, आणि ४०१(के) सारख्या खात्यात नवऱ्यामागे वारस बायकोच, दुसऱ्या कोणाचं नाव घालायचं तर तिने नोटरी किंवा योजनेच्या प्रतिनिधीसमोर सही करून संमती द्यावी लागते. म्हणजे तुमच्यासमोर कधी असा कागद सहीला आला, तर तो घाईत, पोळ्या लाटता लाटता सही करण्याचा कागद नाही. आणि एक: नोकरी बदलताना तोच पैसा आयआरए खात्यात नेला की हे संरक्षण तसंच्या तसं सोबत जात नाही, तिथे वारसाचं नाव भरलेलंच बघावं लागतं. आमचं मी त्याच रात्री बघितलं. माझं नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं.

तेव्हा काकू मागणाऱ्या नाहीत, काकू वारस आहेत, आणि नोटिशीतच वारसांचा उल्लेख होता. फॉर्मला मृत्यूचा दाखला जोडायचा, लग्नाचा पुरावा जोडायचा. लग्न १९७६ सालचं, मिरजेत, वाड्यासमोरच्या मांडवात. तेव्हा कुणी नोंदणी केली होती! सुदैवाने नागरिकत्वाच्या वेळी काढलेली प्रत मुलाच्या फाईलमध्ये निघाली. पैसे रोख घ्यायचे की निवृत्तीच्या खात्यात वळवायचे असा रकाना होता. चेक हातात घेतला तर त्यावर त्या वर्षी आयकर लागतो, आणि रक्कम २०० डॉलर किंवा जास्त असली तर २० टक्के आधीच कापून येतात. नवऱ्यामागे बायकोला ते आपल्या आयआरए खात्यात सरळ वळवता येतात, मग आत्ता कर नाही. काकूंनी तोच रकाना निवडला. त्यांनी विचारलं, "किती येतील गं?" मला सांगता आलं नाही. वाटप खात्यातल्या रकमेच्या आणि वर्षांच्या प्रमाणात असतं, मिस्टरांची वर्षं जास्त, म्हणून आमच्यापेक्षा नक्की जास्त. त्या म्हणाल्या, "किती का येईनात, ह्यांच्या कष्टाचे आहेत."

हे सगळं करताना ह्यांच्या जुन्या फाईलमध्ये योजनेची दरवर्षी येणारी खर्चाची पत्रकं सापडली, पाकिटं न उघडलेली. २०१२ पासून असं पत्रक देणं कायद्याने बंधनकारक आहे. मी हसले, तर ह्यांनी मला २०२० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून दाखवला. इंटेल कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचा. कंपनी म्हणत होती, आम्ही माहिती पाठवली होती, म्हणजे त्याला माहीत होतं, तीन वर्षांची मुदत संपली. न्यायालय एकमताने म्हणालं, पाठवलं म्हणजे त्याने वाचलं असं होत नाही, प्रत्यक्ष कळलेलं असलं पाहिजे. गेला आठवडाभर हे घरात या निकालाचा आधार घेऊन वावरत आहेत. दूध आणायला सांगितलेला मेसेजसुद्धा त्यांना प्रत्यक्ष कळलेला नसतो.

ज्या भारतात आहेत त्यांच्यासाठी एवढंच. तुमच्याकडेही एकाच म्युच्युअल फंडाचे दोन भाव आहेत. १ जानेवारी २०१३ पासून सेबीच्या नियमाने प्रत्येक योजनेत 'डायरेक्ट' हा पर्याय असतो, त्यात मधल्या माणसाचं कमिशन नसतं. 'रेग्युलर' मध्ये ते असतं, आणि तेही वेगळं मागितलं जात नाही, आतूनच जातं. माझ्या नणंदेची एसआयपी बँकेतल्या ओळखीच्या माणसाने सुरू करून दिली होती. तिच्या पत्रकावर योजनेच्या नावापुढे 'रेग्युलर' छापलेलं होतं आणि तिला वाटत होतं, नियमित भरते म्हणून! मधल्या माणसाचा सल्ला खरोखर लागतो त्यांनी त्याचे पैसे जरूर द्यावेत. नणंदेच्या त्या माणसाची चार वर्षांपूर्वी बदली झाली, त्यानंतर फोनही नाही.

काकूंचा फॉर्म मागच्या मंगळवारी रजिस्टर पोस्टाने गेला, मुदतीच्या नऊ दिवस आधी. पावती त्यांनी त्याच बिस्किटांच्या डब्यात ठेवली, प्रत माझ्याकडे आहे. सुनावणी दोन महिन्यांनी आहे, न्यायाधीशांनी मंजुरी दिली आणि कोणी अपील केलं नाही तर त्यानंतर काही महिन्यांत वाटप. काकूंना माघात कुंभोज-बाहुबलीला जायचंय, त्याआधी पैसे येतील का म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, तिकीट या पैशांवर अवलंबून ठेवू नका. त्यांनी ते आधीच काढलेलं होतं.